डॅट टेप कॉम्प्युटरवर घेताना ठराविक अंतरानं टक्-टक् यायलंय? टेपला खराब म्हणायच्या आधी क्लॉक बघा

ज्यांच्याकडं जुन्या डॅट कॅसेटी आहेत आणि कॉम्प्युटरवर घेताना मधे मधे टक्, टक् असा बारीक आवाज यायलाय त्यांच्यासाठी लिहायलेय. मला ह्या एका टक् पायी चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत मी पाच चांगल्या कॅसेटी "खराब" अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवून दिल्या होत्या. त्या पाचही धडधाकट होत्या. तुमच्याकडनं तसं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर सांगते, लांबेल थोडं पण वाचा.

आधी कॅसेटी कुठल्या ते. माझे थोरले मामा, आम्ही तात्या म्हणायचो त्यांना, सेलू भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९९८ ला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पन्नास वर्षं झाली तेव्हा ते गावोगाव जाऊन त्या काळातली माणसं बोलती करायचे, कुणी लढ्याच्या कॅम्पात होतं, कुणी भूमिगतांना भाकरी पोचवायचं, कुणी नुसतंच रझाकारांच्या भीतीनं रातोरात गाव सोडलेलं. आणि तिथं गेल्यावर जे कानावर पडेल तेही भरून घ्यायचे, जात्यावरच्या ओव्या, भारुडं, पेटीवरचे अभंग. मशीन एका मित्राचं, खांद्याला अडकवायचं छोटं डॅट रेकॉर्डर, ते परत गेलं आणि कॅसेटी राहिल्या. ४१ कॅसेटी, पत्र्याच्या ट्रंकेत, माळवदाच्या घरात. मातीचं माळवद म्हणून वाचल्या असं मला वाटतं, उन्हाळ्यात सुद्धा आत गारवा असतो, तीच ट्रंक पत्र्याच्या खोलीत असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. तात्या गेले, मामी म्हणाली तू घेऊन जा बाई, इथं कुणाला यातलं कळत नाही. तशी ती ट्रंक परभणीला माझ्याकडं आली.

ज्यांना डॅट म्हंजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅट म्हंजे डिजिटल ऑडिओ टेप, दिसायला आपल्या नेहमीच्या कॅसेटपेक्षा लहान, ७३ बाय ५४ मिलीमीटर, आत ३.८१ मिलीमीटर रुंदीची टेप. सोनीनं १९८७ ला आणली. आवाज आकड्यांत साठवलेला असतो, १६ बिट, सेकंदाला ४८ हजार नाहीतर ४४,१०० नाहीतर ३२ हजार नमुने, म्हंजे आवाजाची तेवढ्या वेळा घेतलेली मापं. आणि हेड साध्या टेपरेकॉर्डरसारखं जागेवर उभं नसतं, व्हीसीआरसारखं फिरतं, ३० मिलीमीटरचा ड्रम मिनिटाला २००० फेरे मारतो आणि टेप मात्र सेकंदाला ८.१५ मिलीमीटर एवढीच सरकते. टेपवरचे तिरपे पट्टे १३.६ मायक्रॉन रुंदीचे असतात, म्हंजे केसापेक्षाही कितीतरी बारीक. हे ध्यानात ठेवा कारण पुढं हेड साफ करायचं सांगणार आहे तेव्हा ही नाजूकता लक्षात पाहिजे. सोनीनं मशीन बनवणं २००५ च्या शेवटी बंद केलं. त्यामुळं खरी घाई टेपची नाही, चालू मशीन दुर्मिळ व्हायलेत त्याची आहे.

तर मी पुण्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतलं वापरलेलं डेक, म्हंजे डॅट वाजवायचं मशीन, घेतलं, मागं डिजिटल आउट होतं त्यातनं कोअॅक्शियल वायर काढली, यूएसबी इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरमधे घेणारी डबी) एसपीडिफ, म्हंजे डिजिटल आवाजाच्या, इनपुटला लावली, आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधे रेकॉर्ड दाबलं. पहिली कॅसेट नुसत्या बोलण्याची होती, छान वाटली. दुसरीत एक म्हातारे बुवा पेटीवर अभंग म्हणतात, त्यात पेटीचा लांब सूर लागला की टक्. परत थोड्या वेळानं टक्. मग पहिली कॅसेट हेडफोन लावून परत ऐकली तर तिच्यातही होतं, बोलण्याच्या गडबडीत दबलं होतं एवढंच. हा पहिला धडा, तपासायला कधीही लांब सुराची जागा निवडा, पेटी, एकतारी, तंबोरा काहीही, बोलण्यात हा दोष लपतो.

एका जाणकार म्हणवणाऱ्या दुरुस्तीवाल्याला ऐकवलं, ते म्हणाले, "ताई, टेपच गेलीय, पंचवीस वर्षं झाली, आता काय राहणार." मी विश्वास ठेवला आणि चिठ्ठ्या लावत गेले.

मग एका रात्री सहज म्हणून प्रत्येक टक् चा वेळ वहीत लिहिला. ६.८ सेकंद, ६.७, ६.८, ६.८. इतकं सारखं अंतर बघून मी ती जागा रिवाइंड करून परत घेतली, आणि टक् दुसऱ्याच शब्दावर आले. अंतर तेवढंच पण जागा वेगळी. दुसऱ्या दिवशी दुपारी, मे महिना, खोलीत ४० च्या वर, तीच कॅसेट लावली तर अंतर झालं साधारण पाच सेकंद. टेपवर ओरखडा असता तर तो दुपारी आणि रात्री एकाच जागी आला असता ना. टेपला काय ऊन कळतं का.

म्हणून सगळ्यात आधी एवढं करा, दुसरं काही उघडू नका. एकच मिनिटाचा तुकडा दोनदा घ्या. टक् दोन्ही वेळा त्याच शब्दावर आलं तर टेपचं किंवा हेडचं बघावं लागेल, ते खाली सांगितलंय. टक् जागा बदलत असेल आणि अंतर सारखं असेल तर तो क्लॉकचा घोळ, टेप निर्दोष. जागाही बदलते आणि अंतरही कसंही, तर कॉम्प्युटर दमायलाय.

क्लॉकचा घोळ म्हंजे काय ते सांगते, कारण हे समजलं की पुढचं आपोआप समजतं. डेकमधे एक क्रिस्टल असतो, तो ठरवतो सेकंदाला ४८ हजार नमुने कधी बाहेर पाठवायचे. इंटरफेसमधे दुसरा क्रिस्टल असतो, तोही ४८ हजारच म्हणतो. पण दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे कधीच नसतात. भजनात दोन टाळकरी बसलेत, दोघंही तयारीचे, पण एकमेकांकडं न बघता आपापल्या लयीत वाजवायलेत असं समजा, पहिली पाच मिनिटं कुणाला कळणार नाही, मग एक टाळ पुढं एक मागं. इथं फरक दहा लाखात चार एवढाच धरला तरी ४८ हजारावर सेकंदाला ०.२ नमुना होतो, म्हंजे पाच सेकंदात एक पूर्ण नमुना जास्त किंवा कमी. इंटरफेस तो एक नमुना गिळतो नाहीतर दोनदा लिहितो आणि तेच आपल्याला टक् म्हणून ऐकू येतं. क्रिस्टलची गती तापमानानं थोडीशी बदलते, म्हणून दुपारचं अंतर वेगळं आणि रात्रीचं वेगळं. काही इंटरफेस एकेक नमुना न टाकता साठवून ठेवतात आणि मग सगळा बफर, म्हंजे तो तात्पुरता साठा, एकदम सांडतो, त्यांच्यात टक् चार-पाच मिनिटांनी एकदाच पण मोठं येतं, कारण तेच.

उपाय एका ओळीचा आहे. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनेलमधे क्लॉक सोर्स म्हणून जागा असते, तिथं इंटर्नल असतं ते बदलून एसपीडिफ किंवा एक्स्टर्नल करा. म्हंजे इंटरफेस स्वतःची लय सोडून डेककडं बघून वाजवायला लागतो. लॉक झाल्याचा, म्हंजे दोघांची लय जुळल्याचा, दिवा किंवा शब्द दिसला पाहिजे, दिवा लुकलुकत असेल तर लॉक झालेलं नाही. मी हे केलं आणि बुवांचा तोच अभंग अख्खा, एकही टक् नाही. रात्रीचे दीड वाजले होते, मी आईला उठवून ऐकवलं. तिनं आवाजावरनं बुवांना ओळखलं, त्यांच्या गल्लीतलेच होते ते.

हे करताना अडचणी येतात त्याही लिहिते. आता क्लॉक डेककडनं येतंय, म्हणून डेक बंद केलं किंवा कॅसेट बाहेर काढली की काही इंटरफेसचं लॉक सुटतं आणि सॉफ्टवेअर अडकल्यासारखं होतं, घाबरू नका, डेक चालू करून आधी प्ले दाबा, लॉक बघा, मग रेकॉर्ड. त्यासाठी टेपच्या सुरुवातीचे काही सेकंद जाऊ द्यायला लागतात, ते नंतर रिवाइंड करून घेता येतात. ज्या इंटरफेसमधे क्लॉक सोर्सची जागाच नाही तिथं डबीवर लिहिलेलं तपासा, कारण नुसत्या डिजिटल इनपुटच्या काही साध्या डब्या आपोआप येणाऱ्या सिग्नललाच लॉक होतात, त्या या कामाला महागड्या इंटरफेसइतक्याच चांगल्या. वायर ७५ ओहमची डिजिटल कोअॅक्शियल वापरा, टीव्हीची लाल-पांढरी वायर अर्धा मीटर असेल तर चालून जाते पण लांब झाली की लॉक सुटायला लागतं. प्रोफेशनल डेकवर एक्सएलआरचं डिजिटल आउट असतं, ते एईएस/ईबीयू, त्याला ११० ओहमची वायर लागते, साधी माइकची वायर लावून मग टेपला दोष देऊ नका. आणि कृपा करून अॅनालॉग आउटमधनं घेऊ नका, जोवर डिजिटल आउट चालू आहे तोवर. आकडे जसेच्या तसे मिळत असताना त्याचा आवाज करून परत आकडे कशाला करायचे.

क्लॉक बरोबर झालं तरी जागा बदलत, कसंही येणारं टक् राहिलं असेल तर कॉम्प्युटर. बफर वाढवा, १०२४ नाहीतर २०४८ करा, आपल्याला इथं गाणं गाऊन लगेच ऐकायचं नाहीये त्यामुळं उशीर झाला तरी काही बिघडत नाही. यूएसबी हबमधनं काढून थेट लावा, वायफाय बंद, पॉवर सेव्हिंग बंद. माझं यात फार गेलं नाही, एका संध्याकाळचं काम.

आता विंडोजवाल्यांनी हे नीट वाचा, कारण इथं टक् येत नाही, आवाज छान वाटतो आणि तरी आकडे बदललेले असतात. ऑडॅसिटीत होस्ट म्हणून एमएमई (विंडोजचा जुना आवाजाचा मार्ग) निवडलेलं असेल तर विंडोज मधे पडतं आणि ४४,१०० चा ४८ हजार किंवा उलटं करून देतं, तुम्हाला विचारत पण नाही. विंडोजच्या साउंड सेटिंगमधे त्या इनपुटचा रेट टेपच्या रेटइतकाच ठेवा, एन्हान्समेंट सगळ्या बंद, व्हॉल्यूम पूर्ण. रीपरसारखं सॉफ्टवेअर इंटरफेसच्या एएसआयओ ड्रायव्हरवर (तो विंडोजला मधे न घेता थेट इंटरफेसशी बोलतो) चालवलं तर ही कटकट बरीचशी टळते, मी शेवटी तेच केलं. आणि ऑडॅसिटीतच राहणार असाल तर प्रेफरन्सेसमधे क्वालिटीत जाऊन डिदर नन करा. मूळ सेटिंगमधे ते चालू असतं आणि १६ बिटची फाइल काढताना प्रत्येक नमुन्यात बारीक खरखर मिसळतं. कानाला काही कळत नाही, पण मग खाली सांगितलेली परीक्षा तुमची नापास होणार आणि तुम्ही परत टेपला दोष देणार.

परीक्षा ही. अख्खी टेप दोनदा घ्या, दोन वेगळ्या फाइली. दोन्ही एका प्रोजेक्टमधे एकाखाली एक ठेवा, सुरुवातीला काहीतरी ठसठशीत आवाज शोधा, टाळी, खोकला, दार लागल्याचा आवाज, आणि एकेक नमुना दिसेपर्यंत झूम करून दोन्ही अगदी त्याच नमुन्यावर कापा. मग एक ट्रॅक इन्व्हर्ट करा म्हंजे वरचं खाली होईल, आणि दोन्ही मिक्स करून एक ट्रॅक करा. दोन्ही प्रती खरंच एकसारख्या असतील तर उरतं शून्य, सरळ रेघ, तासभर सरळ रेघ. मी पहिल्यांदा ती सरळ रेघ बघितली तेव्हा मला भरून आलं, खोटं नाही सांगत, कारण त्याचा अर्थ तात्यांच्या मशीननं सेलूत जे आकडे लिहिले तेच आकडे माझ्या फाइलीत आलेत, दोनदा आलेत.

रेघ सरळ नसेल तर ती कशी बिघडलीय त्यावरनं आजार कळतो, आणि ही या परीक्षेची खरी कमाई. एका जागेपर्यंत शून्य आणि तिथनं पुढं शेवटपर्यंत गिचमिड, तर तिथं एक नमुना निसटलाय, पुढचं सगळं एक घर सरकलंय, म्हंजे क्लॉक नाहीतर बफर. बहुतेक सगळीकडं शून्य आणि मधेच एखादा टोकदार काटा येऊन परत शून्य, तर तिथं डेकला टेप वाचता आली नाही आणि त्यानं अंदाजानं भरलं. सुरुवातीपासनं सगळीकडं सारख्या उंचीची बारीक खरखर, तर डिदर.

अंदाजानं भरलं म्हंजे काय, तर डॅटमधे चूक सुधारायची दोन थरांची व्यवस्था असते, रीड-सॉलोमन कोड, छोटेमोठे ओरखडे, धूळ त्यात पूर्णपणे दुरुस्त होतात, मूळ आकडा परत मिळतो. त्याच्या पलीकडं गेलं की डेक आजूबाजूच्या नमुन्यांवरनं मधला नमुना बनवतं, आणि तेही जमलं नाही तर आवाज म्यूट करतं. त्यामुळं एकाच शब्दावर दरवेळी टक् किंवा क्षणभर शांतता आली तर टेपवर तिथं खरंच काहीतरी आहे किंवा हेडवर घाण आहे, आणि आधी हेडच बघायचं.

हेड घाण झाल्याची अजून एक खूण आहे जी मला कुणी सांगितली नव्हती. ड्रमवर दोन हेड असतात, सम आणि विषम नमुने दोन्हीत वाटून दिलेले असतात, म्हणून एक हेड पूर्ण बुजलं तरी आवाज बंद पडत नाही. चालू राहतो पण खरबरीत होतो, स, श, च हे फाटल्यासारखे येतात, पेटीवर वाळू पडल्यासारखी वाटते. असं सलग ऐकू आलं तर तिथंच थांबा, पुढं चालवू नका.

साफ करताना जी चूक होते ती दुरुस्त होत नाही म्हणून हे सावकाश वाचा. आधी क्लीनिंग कॅसेट मिळाली तर ती, पण पाच-दहा सेकंदच, जास्त नाही, ती घासते. त्यानं झालं नाही तर हातानं. प्लग काढा, कव्हर उघडा. कापसाची काडी अजिबात नको, धागे अडकतात आणि हेड तुटतं. शॅमॉय चामड्याची काडी मिळते, मला परभणीत मिळाली नाही, हैदराबादला कोटीत मिळाली. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमधलं जखमेवर लावायचं स्पिरिट नाही. काडी ओली करून ड्रमच्या बाजूला हलकी टेकवायची आणि स्थिर धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रम वरनं सावकाश फिरवायचा. काडी हलवायची नाही, ड्रम हलवायचा. वर-खाली तर कधीच नाही, हेडची चिप तशी तुटते आणि मग ते डेक गेलं. ड्रमच्या बाजूला बोट लावू नका, बोटाचं तेल लागतं. नंतर टेप जिथनं जाते ते खांब आणि रबरी रोलर. पंधरा मिनिटं वाळू द्या, पावसाळ्यात अर्धा तास.

टेपचीही थोडी तयारी लागते. सगळ्यात आधी कॅसेटच्या कडेची छोटी खाच सरकवून भोक उघडं करा, म्हंजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसणार नाही. ट्रंकेतनं काढल्यावर एक दिवस त्याच खोलीत पडू द्या जिथं वाजवणार. डिसेंबरात सेलूहून पहाटेच्या गाडीनं थंडगार कॅसेटी आणून लगेच लावल्या तर डेकवर ड्यू असा शब्द यायला लागला, म्हंजे ड्रमवर दव धरलंय, तेव्हा काही करू नका, झाकण उघडं ठेवून तासभर थांबा. ओल्या ड्रमला टेप चिकटते आणि गुंडाळून बसते. मग प्ले करायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पळवून परत आणा, वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या टेपचा ताण सारखा होतो. बारीक पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती कॅसेट डेकमधे घालूच नका, एकीची बुरशी हेडवरनं सगळ्यांना लागते, ती वेगळी पिशवीत ठेवून जाणत्या माणसाकडं द्या. १८० मिनिटांच्या कॅसेटींची टेप फार पातळ असते, त्या पळवताना जास्त जपा.

लाइटीचं सांगायलाच पाहिजे आपल्याकडं. टेप चालू असताना लाइट गेली की टेप ड्रमभोवती गुंडाळलेलीच राहते. हातानं ओढून काढायची नाही, लाइट आली की डेक बहुतेक वेळा स्वतःच सोडवून घेतं, इजेक्ट दाबून थांबायचं. मी दोनदा हा प्रकार झाल्यावर डेक आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर घेतलं.

आता आवाजाची पट्टी चुकणं. फाइल ऐकताना माणूस लहान मुलासारखा बोलतोय वाटलं तर फाइलीवर रेट चुकीचा लिहिला गेलाय. टेप ४४,१०० ची आणि फाइलीवर ४८ हजार लिहिलं तर सूर जवळपास दीड अर्धस्वर, म्हंजे पेटीच्या दीड पट्टीनं वर जातो, सा लावला तर तो कोमल रे आणि शुद्ध रे च्या मधे कुठंतरी ऐकू येतो. ३२ हजारची टेप ४८ वर वाजली तर सरळ सा चा पंचम होतो. क्लॉक एक्स्टर्नल असेल तर आतले आकडे बरोबरच असतात, फक्त पाटी चुकलीय, ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत रेट बदला, रीसॅम्पल मात्र करू नका, त्यानं आकडेच बदलतात.

तात्यांच्या तीन कॅसेटी एलपी मोडमधल्या निघाल्या. त्यात टेप निम्म्या वेगानं चालते, ३२ हजार नमुने, १२ बिट, आणि १२० मिनिटांच्या कॅसेटवर चार तास मावतात. कॅसेटी महाग होत्या म्हणून त्यांनी केलं असणार, आणि नेमक्या त्यातच ओव्या आहेत, सगळ्यात लांबलचक, सगळ्यात मोलाच्या. बऱ्याच डेकमधे एलपी चालतं पण माझा इंटरफेस ३२ हजारला लॉकच होईना. ४४,१०० च्या खाली जातच नाहीत असे बरेच इंटरफेस आहेत, तर तुमचा लॉक होईना म्हणून टेप मेली समजू नका, आधी डेकच्या डिस्प्लेवर रेट किती दाखवतंय ते वाचा. तेवढ्यापुरतं मी अॅनालॉगनं घेऊन ठेवलं आणि नंतर एक जुनं पीसीआय साउंड कार्ड मिळालं जे ३२ हजार घेतं, त्याच्यासाठी जुना डेस्कटॉप परत चालू केला आणि त्या तीन परत डिजिटल घेतल्या. अॅनालॉगची प्रत पुसली नाही, राहू दिलीय.

फाइल फार चिरकी, टोकदार वाटली, आणि तीच टेप डेकच्या हेडफोनवर मऊ वाटली, तर ते एम्फसिस. रेकॉर्ड करताना वरचे सूर वाढवलेले असतात आणि डेक अॅनालॉग आउटवर ते परत कमी करतं, डिजिटलवर फक्त खूण पाठवतं जी कॉम्प्युटर बहुधा वाचत नाही. सॉक्स नावाच्या प्रोग्राममधे डीएम्फ म्हणून सोय आहे. मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर करा.

कॉम्प्युटरच्या डेटा टेप ड्राइव्हमधे, डीडीएस म्हणतात त्यात, कॅसेट तशीच बसते, म्हणून पुष्कळ जण विचारतात की ते चालेल का. साधं डीडीएस ड्राइव्ह आवाजाची टेप वाचत नाही, ठराविक जुन्या ड्राइव्हमधे खास फर्मवेअर असेल तरच वाचतं आणि वर स्कझी कार्ड लागतं. आधीपासनं असेल तर उत्तमच, नव्यानं शोधत बसू नका.

माझी एक कॅसेट, बाविसावी, सुरुवातीलाच तुटलेली निघाली. साध्या कॅसेटसारखी चिकटपट्टी लावून जोड देऊ नका, तो जोड फिरत्या हेडवरनं गेला तर हेड जातं. त्याऐवजी एक रिकामी चांगली कॅसेट उघडून लांब तुकडा त्यात बसवून घेतला, टोक नुसतं रिळाला अडकवलं. दोन-तीन मिनिटं गेली, बाकी सगळं मिळालं.

जागेचं म्हणाल तर ४८ हजारला मिनिटाला साडेअकरा एमबी, तासाला साधारण ६९० एमबी. माझे सगळे मिळून ५५ तासांच्या आसपास, वेव्ह फाइली ३८ जीबी झाल्या. फ्लॅक केलं तर कमी होतं आणि एकही आकडा हरवत नाही, एमपीथ्री फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवायला. प्रत्येक फाइलीचा एमडी५ (फाइलीतल्या सगळ्या आकड्यांवरनं निघणारा ठसा) काढून वहीत आणि फाइलीत दोन्हीकडं लिहिलाय, वर्षभरानं परत काढायचा आणि जुळतो का बघायचं. तीन प्रती, एक माझ्याकडं, एक सेलूला मामेभावाकडं, एक ऑनलाइन.

त्या पाच "खराब" कॅसेटी मी शेवटी घेतल्या. पाचही परीक्षेत सरळ रेघ. चिठ्ठ्या काढल्या, कॅसेटी सुरुवातीला गुंडाळून, डबीत उभ्या ठेवून परत ट्रंकेत टाकल्यात, आणि ट्रंक पुढच्या आठवड्यात परत सेलूला माळवदाच्या घरात जाणार आहे.